‘फॅमिलीसाठी चांगला एरिया’ : एका शब्दप्रयोगाची झाडाझडती

नव्या शहरात बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाला सर्वप्रथम जो सल्ला मिळतो, तो एका वाक्यात मावतो : ‘फॅमिलीसाठी चांगला एरिया बघा.’ सल्ला देणारा सहकारी असो, दूरचा नातेवाईक असो की स्टेशनबाहेरच्या गाळ्यात बसलेला एजंट असो, वाक्य बदलत नाही. आम्ही उभयतां गेल्या वर्षी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावाहून नोकरीनिमित्त ठाणे जिल्ह्यात आलो. सोबत आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. त्या दोन महिन्यांत हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले की, त्यातील एकेक शब्द तपासून पाहण्याची आमची व्यावसायिक खोड आम्हांला स्वस्थ बसू देईना. शब्दांचे अर्थ शिकवून ज्यांचे पोट भरते, त्यांनी स्वतःवर वेळ आल्यावर तरी ते काम करावे, एवढाच या लेखामागचा हेतू.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : ‘फॅमिलीसाठी चांगला एरिया’ हे वस्तीचे वर्णन नाही. त्या वस्तीत कोण राहत नाही, याची ती हमी आहे. आणि ही हमी मागणाऱ्यांच्या रांगेत मराठी साहित्याचे अध्यापक मागे नाहीत. आम्हीही नव्हतो.

प्रथम ‘फॅमिली’ हा शब्द घेऊ. मराठीत ‘कुटुंब’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘पत्नी’ असा आहे. ‘आमचे कुटुंब माहेरी गेले आहे’ असे आपल्या आजोबांच्या पिढीतील पुरुष सहज म्हणत. पुढे तोच अर्थ ‘फॅमिली’ने उचलला. शहरात खोली घेऊन राहणारा कारकून ‘फॅमिली गावी आहे’ म्हणे, तेव्हा त्याच्या मनात मुख्यतः बायकोच असे. भाड्याच्या बाजाराने हा शब्द आणखी आवळला. तेथे ‘फॅमिली’ म्हणजे विवाहित पुरुष, त्याची पत्नी, एक-दोन मुले आणि चालत असेल तर म्हातारी आई. अविवाहित शिक्षिका फॅमिली नाही. शिकायला आलेले दोन सख्खे भाऊ फॅमिली नाहीत. मुलाला घेऊन वेगळी राहणारी घटस्फोटित स्त्री तर फॅमिली नाहीच नाही. आमच्या परिचयातील एका अविवाहित प्राध्यापिकेला घर मिळवण्यासाठी गावाहून आईला आणून कमिटीपुढे बसवावे लागले. आई आठ दिवस राहून परत गेली, घर मिळाले. रक्ताच्या नात्याचा पुरावा म्हणून आईला हजर करावे लागते, त्या व्यवस्थेला कुटुंबवत्सल म्हणावयाचे असेल, तर शब्दकोश नव्याने लिहावा लागेल.

आता ‘चांगला’. एजंटांच्या प्रश्नांचा एक ठराविक क्रम आम्हांला लवकरच पाठ झाला. माणसे किती? नोकरी कोठे? व्हेज की नॉनव्हेज? आणि मग, वहीत नाव लिहून घेत असल्याच्या आविर्भावात, ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ आमचे आडनाव ऐकल्यावर समोरच्याचा आवाज सैल होत असे. खुर्ची पुढे सरके, चहा मागवला जाई. डोंबिवलीत, ठाण्यात, कल्याणला, बदलापुरात, सर्वत्र तोच अनुभव. ‘सर, तुमच्यासारखीच माणसं आहेत सगळी बिल्डिंगमध्ये,’ हे वाक्य आम्हांला कौतुक म्हणून ऐकवले गेले आणि पहिल्या दोन-तीन वेळा आम्ही ते कौतुक म्हणूनच घेतले. चांगला एरिया म्हणजे आपल्यासारख्यांचा एरिया, हे समीकरण एजंटाने तयार केलेले नाही. तो केवळ आपली मागणी आपल्याच भाषेत परत करतो.

ही मागणी आजची नाही. मुंबईचे मध्यमवर्गीय उपनगर जन्मले तेच मुळी या आधारावर. १८९६ साली शहरात प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटीच्या वस्तीतून बाहेर पडणाऱ्यांसाठी दादर-माटुंग्याकडे मोकळ्या, रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या गेल्या. हवा आणि उजेड यांचा विचार त्यात होता, यात शंका नाही. परंतु तेथील वसाहतींची नावे पाहावीत : पारसी कॉलनी, हिंदू कॉलनी. सहकारी गृहनिर्माणाची कहाणी वेगळी नाही. या देशातील पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक म्हणून जिचा अभिमानाने उल्लेख होतो, ती गावदेवीची १९१५ सालची संस्था सारस्वत समाजाची होती आणि तिच्या नावातच समाज आहे. आपल्या माणसांना परवडणारे घर मिळावे ही तिच्या संस्थापकांची इच्छा निंद्य होती असे आम्ही म्हणत नाही. मात्र सहकार आणि समाज हे दोन शब्द आपल्याकडे पहिल्या दिवसापासून एका दाराने आत आले, हे विसरून चालणार नाही. नव्वद वर्षांनंतर, २००५ मध्ये, अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी वैध ठरवला. ज्या गोष्टी पूर्वी फाटकावर लिहिल्या जात, त्या आता न लिहिता पाळल्या जातात, इतकाच काय तो फरक.

या निवडीची दुसरी बाजू पाहायची तर ठाण्यापुढे लोकल थोडी सरकली की मुंब्रा लागते. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून बाहेर पडलेली असंख्य मुसलमान कुटुंबे तेथे वसली. आम्ही घर शोधत असताना एकाही एजंटाने आम्हांला मुंब्रा सुचवले नाही आणि आम्हीही विचारले नाही. तेथेही मुले शाळेत जातात, आया डबे भरतात, म्हाताऱ्यांना गुडघेदुखी असते. मग ती फॅमिली नव्हे काय? ‘चांगल्या’ वस्त्यांनी ज्यांना दार उघडले नाही, त्यांची वस्ती आपोआप ‘वाईट’ ठरते आणि मग तिच्याकडे बोट दाखवून आपण आपली वस्ती आणखी चांगली करून घेतो. उपनगरांचा नकाशा बिल्डरांनी काढला असे आपण म्हणतो. त्यातील निम्म्या रेषा भाडेकरूंना दिलेल्या नकारांनी काढलेल्या आहेत.

येथवर वाचून साहित्याचा विद्यार्थी म्हणेल, यात नवीन काय? खरेच, त्याला यात नवीन काही वाटू नये. कारण आपण त्याला हेच शिकवतो. १९१७ साली परदेशातून विद्या संपादून बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी म्हणून ज्या सरायीत त्यांनी आसरा घेतला, तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. नोकरीसाठी शहरात आलेला माणूस आणि भाड्याची खोली, हा आपल्या आधुनिकतेच्या इतिहासातील एक मूलभूत प्रसंग आहे. बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातील शीर्षककथेत रेल्वेच्या नोकरीवर परगावी गेलेल्या तरुणाची खोली आणि त्याची जात या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटत नाहीत. कितीतरी वर्षे आम्ही ही कथा वर्गात शिकवत आलो आहोत. ‘कथेतील जातवास्तव स्पष्ट करा’ असा दहा गुणांचा प्रश्न आम्ही स्वतः काढला आहे आणि त्याची उत्तरे तपासली आहेत. सकाळी बागुल शिकवावयाचे आणि संध्याकाळी एजंटाला ‘आपली माणसं आहेत ना?’ विचारावयाचे, यात आम्हांला विसंगती जाणवली नाही. जाणवली असती तर प्रश्न दहा गुणांचा राहिला नसता.

याच्या उलट ज्या पुस्तकाने आपल्या मनातील शेजाराची प्रतिमा घडवली, ते ‘बटाट्याची चाळ’ १९५८ चे. त्याच्या विनोदावर आमचेही प्रेम आहे. पण चाळ म्हणजे जणू एक मोठे कुटुंब, अशी हळवी भाषा आज जो तो करतो, त्याने त्या चाळीतील आडनावांची यादी एकदा सावकाश वाचावी. त्यात विविधता आहे; मात्र ती एका ठराविक पट्ट्यातील आहे. पुलंनी आपल्या परिचयाचे जग रंगवले, हा त्यांचा दोष नव्हे. त्या पट्ट्यालाच ‘सगळे’ समजणे हा आपला दोष. फ्लॅट संस्कृतीत शेजारधर्म हरवला म्हणून गळा काढणारे परिसंवाद आपण पुष्कळ ऐकले. तो शेजारधर्म कोणासाठी होता, हा प्रश्न त्या परिसंवादांत सहसा कोणी विचारीत नाही.

आक्षेप येईल आणि तो आम्ही टाळणार नाही. मुले लहान आहेत, मुलगी वयात येते आहे, आई-बाप दिवसभर बाहेर आहेत. अशा वेळी सुरक्षित वस्ती शोधण्यात काय पाप आहे? काहीही नाही. आमची काळजी खोटी नव्हती आणि कोणाचीच नसते. प्रश्न असा की, काळजीने विचारावयाचे प्रश्न आपण विचारतो का?

डोंबिवलीचे उदाहरण घ्या. मराठी मध्यमवर्गाचे हे लाडके उपनगर. २०१७ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथेच झाले. ‘सुसंस्कृत, फॅमिलीसाठी एकदम चांगलं’ असे तिच्याविषयी आम्हांला किमान दहा जणांनी सांगितले. त्याच डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, माणसे मेली, भोवतालच्या घरांच्या काचा फुटल्या. शेजाऱ्याचे आडनाव विचारणाऱ्या आमच्यापैकी एकानेही, ‘घरापासून रसायनांचा कारखाना किती अंतरावर आहे?’ असे एजंटाला विचारले नव्हते. घोडबंदर रस्त्यावरच्या चकचकीत संकुलांत पोहण्याचा तलाव दाखवतात. पिण्याचे पाणी नळाने किती येते आणि टँकरने किती, हे दाखवत नाहीत. कल्याणच्या पुढे राहून मुंबईत नोकरी करणारा माणूस पहाटे निघतो आणि मुले झोपल्यावर परततो. फॅमिलीसाठी म्हणून घेतलेल्या घरात फॅमिली एकत्र जेवते ती रविवारी. महानगरपालिकेची शाळा कशी आहे? रात्री उघडा असणारा दवाखाना किती लांब? म्हाताऱ्या माणसाला स्टेशनापर्यंत चालता येईल असा पदपथ आहे का? मुलींना खेळता येईल असे, कोणाच्या मालकीचे नसलेले मैदान आहे का? वाचनालय आहे का? कुटुंबासाठी चांगली वस्ती ठरवणारे प्रश्न हे आहेत. त्यांतील एकाचेही उत्तर शेजाऱ्याच्या आडनावात अथवा त्याच्या स्वयंपाकघरात नाही.

आता मराठी माणसाच्या संतापाविषयी. मांसाहारी म्हणून, मराठी म्हणून मुंबईत घर नाकारल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि आपण योग्य कारणाने चिडतो. चिडलेच पाहिजे. परंतु हा संताप तत्त्वाचा आहे की केवळ आपल्या वाट्याला आलेल्या अपमानाचा, हे तपासण्याची एक सोपी कसोटी आहे. ज्या इमारतींत बहुसंख्य मराठी आहेत, त्यांच्या कमिटीवर आपल्यापैकी कोणी आहेत, तेथे दलित, मुसलमान, ईशान्येकडची मुलगी, एकटी स्त्री यांना घर सहज मिळते का? मिळत नसेल, तर आपले भांडण अन्यायाशी नाही. अन्याय करण्याचा अधिकार आपल्याऐवजी दुसऱ्याच्या हाती गेला, याच्याशी आहे.

कायदा काय म्हणतो? बरेच काही म्हणतो आणि बरेच काही म्हणत नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. एकदा घुसलेला भाडेकरू निघत नाही, ही मालकाच्या मनातील भीती त्यातूनच वाढली आणि पागडी व अकरा महिन्यांचे करार रूढ झाले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने लीव्ह अँड लायसन्सच्या मालकाला मुदत संपताच जागा परत मिळण्याची वाट मोकळी करून दिली आणि करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. म्हणजे भीतीचे कारण पुष्कळसे गेले, अकरा महिन्यांची सवय मात्र राहिली. दर वर्षी बिऱ्हाड पाठीवर घेण्याची टांगती तलवार मुलांच्या शाळेवर राहिली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदस्याने सदनिका लीव्ह अँड लायसन्सवर देताना संस्थेची पूर्वपरवानगी घेण्याची गरज नाही. करारनाम्याची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत संस्थेकडे द्यावयाची असते. तरीही कमिटी मुलाखती घेते आणि आपण इस्त्रीचे कपडे घालून त्या देतो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला निवासी जागा घेण्यास वा तेथे राहण्यास आडकाठी करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. पण खरे कारण सांगतो कोण? ‘कालच टोकन आलं हो’ हे चार शब्द कोणत्याही कायद्याच्या कलमात बसत नाहीत. धर्माच्या किंवा वैवाहिक स्थितीच्या कारणावरून खासगी मालकाने घर नाकारले तर त्याला स्पष्टपणे अडवणारी तरतूद तर आपल्याकडे नाहीच. घटनेचे पंधरावे कलम दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते यांची नावे घेते. भाड्याच्या घराचे नाव त्यात नाही.

‘कालच टोकन आलं’ हे शब्द आम्ही कोणाकडून शिकलो, ते सांगून हा लेख संपवतो.

आम्ही जे घर घेतले ते तिसऱ्या मजल्यावरचे, स्टेशनपासून पंधरा मिनिटांच्या अंतरावरचे, पूर्वेकडे खिडक्या असलेले. टोकन दिले, मुलांचे प्रवेश झाले. जुलैमध्ये आमच्या विभागातील एक सहकारी पुस्तक देण्यासाठी घरी आले. वयाने आमच्याहून लहान, बागुलांवर आमच्याहून अधिक अधिकाराने बोलणारे, जन्माने बौद्ध. दारात उभे राहून त्यांनी घराचा क्रमांक पाहिला, मग खिडकीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘हा फ्लॅट मी एप्रिलमध्ये पाहिला होता. कालच टोकन आलं म्हणून सांगितलं होतं.’ आम्ही टोकन दिले होते मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात.

आम्ही काय केले? खरे उत्तर : चहा केला. त्या वर्षभरात आम्ही मालकाला काही विचारले नाही, सेक्रेटरीला काही विचारले नाही. मुलांचे वर्ष, सासूबाईंचे गुडघे, डिपॉझिटची रक्कम, ही कारणे सगळी खरी होती आणि सगळी सोयीची होती. आता करार संपत आला आहे. आपण हे घर सोडावे असे आमच्या मनात आहे, हे आम्ही त्या सहकाऱ्यांना सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, ‘सर, मॅडम, तुम्ही सोडलं म्हणून ते मला मिळणार आहे का?’

नाही मिळणार, हे आम्हांला ठाऊक आहे. घर सोडून आमचे मन हलके होईल, त्यांचे घर होणार नाही. म्हणून आम्ही ठरवले आहे ते यापेक्षा कमी देखणे आहे. मालकाशी आणि सेक्रेटरीशी बोलताना एप्रिलमधला तो नकार नाव घेऊन विचारावयाचा. करार पुढे वाढवला नाही तरी चालेल, पण विचारल्यावाचून सही करावयाची नाही. पुढे घर शोधताना एजंटाला जागा पाहण्याआधी आडनाव सांगावयाचे नाही. आणि या शहरात येणाऱ्या कोणाही नव्या सहकाऱ्याला ‘फॅमिलीसाठी चांगला एरिया बघा’ असा सल्ला द्यावयाचा नाही. विचारलेच तर पाण्याची वेळ, शाळा, दवाखाना आणि गाडीची गर्दी एवढेच सांगावयाचे.

मोठी क्रांती नव्हे ही. परंतु पुढच्या सत्रात बागुलांची कथा पुन्हा वर्गात निघणार आहे. मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी विचारील, ‘सर, तुम्ही कुठे राहता?’ त्या प्रश्नाला पत्त्याखेरीज दुसरे उत्तर आमच्यापाशी असावयास हवे.